मोहाखाली अंथरायच्या साड्या

फाल्गुन लागला की आमच्या रावेतमध्ये पाचोळा जाळायची साथ येते. सोसायटीचे वॉचमन, रस्ता झाडणारे, बंगल्यातले निवृत्त काका, ज्याच्या हाताला काडेपेटी लागेल तो. चाकणहून येणारी कंपनीची बस मला पुलाच्या अलीकडे सोडते आणि उतरल्या उतरल्या तो वास नाकात शिरतो. बरोबरच्या मुली ओढणी नाकाला लावून भराभरा पुढे जातात. मी मात्र खुळ्यासारखी थांबते, वारा कुठून आहे ते बघते, धूर कुठून येतोय ते शोधते आणि त्या वॉचमनला जाऊन झापते. तो बिचारा म्हणतो, "पत्ते ही तो हैं, मॅडम." पानंच आहेत रे बाबा. सगळं पानांनीच तर सुरू होतं.

तसा माझा या विषयातला अधिकार मोठा आहे. एम.एस्सी. संपता संपता मी विदर्भातल्या एका राष्ट्रीय उद्यानात 'नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन' अशा भारदस्त नावाची इंटर्नशिप केली होती. पौषात गेले आणि वैशाखात काळी ठिक्कर होऊन परत आले. ते नाव आईच्या तोंडात शेवटपर्यंत बसलं नाही. भिशीतल्या बायांनी पोरगी कुठं गेली म्हणून विचारलं, की ती सांगायची, "जंगलात मॅनेजर हाय." एकीनं विचारलं, "म्हंजी वाघ मॅनेज करती व्हय?" आई म्हणाली, "वाघ कशाला? वाघाची शी गोळा करती म्हनं." हे मात्र अगदीच खोटं नव्हतं.

पण शी हा कामाचा अगदी थोडा भाग. पाणवठ्यात किती पाणी उरलं ते बघायचं. गवताचे चौकोन आखायचे आणि त्यात चरणारांच्या कामाचं गवत किती, नुसतं माजलेलं किती, ते लिहायचं. रानतुळस उपटायची, तीही मुळासकट, कारण ती एकदा बसली की गवताला जागा देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाची जाळरेषा. जंगलात रस्त्यासारखे रुंद पट्टे साफ करायचे आणि त्यांतला पाला उन्हाच्या आधीच आपण होऊन, डोळ्यांत तेल घालून जाळून टाकायचा. पुढे खरी आग आली तर त्या पट्ट्यावर तिला खायला काही मिळत नाही. आग विझवायला आधी आग लावावी लागते, हे मला तिथं कळलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुझ्या आप्पांशी मी असंच वागती."

त्या दिवसांतलं जंगल फोटोत दाखवतात तसं हिरवंगार बिलकूल नसतं. सागाची पानं सुपाएवढी, आणि ती वाळून खाली पडली की पाय ठेवायची सोय राहत नाही. साधी खार पळाली तरी गवा आल्यासारखा आवाज होतो. पहिल्या आठवड्यात मी अशा किती खारींना घाबरले असेन, देव जाणे. पळसाला तेवढी फुलं, बाकी सगळी झाडं खराट्यासारखी. दुपारी तर सावलीसुद्धा काड्याकाड्यांची पडायची. मला ते सगळं फार आवडायचं. काही लपवाछपवी नाही, जे आहे ते समोर.

आता मी चाकणच्या एका कंपनीत पर्यावरण विभागात आहे. तिथं जंगल म्हणजे कंपाउंडच्या कडेनं लावलेली झाडं. ऑडिट जवळ आलं की त्यांना पाणी जास्त मिळतं. बाहेर ट्रकांची रांग लागलेली, आत मी सांडपाण्याचे आकडे बघत बसलेली. तक्रार नाही माझी, काम चांगलं आहे, साहेब भला आहे. फक्त फाल्गुनात माझं लक्ष लागत नाही. अहवाल लिहायचा मला आधीच कंटाळा, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. खिडकीतून कुठं धूर दिसला की मन उठून चालायला लागतं, आणि ते नेमकं शेवंताबाईंच्या मोहाखाली जाऊन बसतं.

शेवंताबाई उद्यानाला लागून असलेल्या एका छोट्या गावातल्या. वय माझ्या आईएवढं, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, आणि चालायला लागल्या की मला पळावं लागायचं. त्या पट्ट्यातल्या जंगलात गावाला मोह वेचायची मुभा होती. कुठलं झाड कुणाचं हे वाडवडिलांपासून ठरलेलं. शेवंताबाईंच्या वाट्याला सासऱ्यांच्या वेळचा एक भला थोरला मोह होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, शेती दिरांकडे, मुलगी लग्न होऊन गेलेली. मोह वेचून, वाळवून विकायचा, त्यावर त्यांचं वर्ष निघायचं. "ह्या झाडानं मले पोसलं जी," त्या म्हणायच्या, "दिरानं नाई पोसलं." आणि खोडावर अशी थाप मारायच्या, की ते झाड जणू घरातलंच मोठं माणूस आहे.

मोहाचं फूल म्हणजे फिकट पिवळं, रसरशीत, मनुक्याहून जरा मोठं. पहाटे पहाटे ते झाडावरून टपटप गळतं. पण खाली सागाच्या वाळक्या पानांचा एवढा थर, की फूल आत गेलं तर दिसणार कसं? म्हणून फुलं गळायच्या आधी बाया झाडाखालचा पाला गोळा करतात आणि पेटवून देतात. जमीन काळी स्वच्छ होते, त्यावर पिवळी फुलं लख्ख दिसतात. सोपं, बिनखर्चाचं, पिढ्यान् पिढ्या चाललेलं. फक्त कधीतरी वारा फिरतो, आणि झाडाखालची आग झाडाखालीच थांबत नाही.

मी पहिल्यांदा त्यांना आगीबद्दल विचारलं तेव्हा त्यांना राग आला होता. "आग आमी लावत नाई बाई. पानं पेटवतो." अगदी आमच्या वॉचमनसारखं, पण बाईंच्या आवाजात जरब होती.

त्या भागाचं जंगल सांभाळणारे रेंजरसाहेब दुष्ट नव्हते. मितभाषी, पोटदुखीनं त्रासलेले, सरळ माणूस. आदल्या उन्हाळ्यात त्या बाजूनं आलेल्या आगीत एक सबंध कुरण गेलं होतं, आणि वरून त्यांना बरंच ऐकावं लागलं होतं. त्यांनी गावाला बसवून सांगितलं, "या वर्षी त्या बाजूनं आग आली तर मोह बंद. कुणाचं झाड होतं ते मी विचारणार नाही. सगळ्यांचाच बंद." गाव उठून घरी निघालं. शेवंताबाई मला वाटेत म्हणाल्या, "मोह बंद झाला तं मले मिरच्या तोडाले तेलंगणात जा लागंल. ह्या गुडघ्यानं."  त्यांचा गुडघा मी रोज बघत होते.

मग उपाय निघाला तो असा, की पाला जाळायचाच कशाला, झाडाखाली कापड अंथरायचं. फूल कापडावर पडेल, सकाळी चार टोकं धरली की काम झालं. शेवंताबाईंना पटलं. पण कापड आणायचं कुठून? "आमची फाटकी लुगडी गोधडीत जातात, गोधडी फाटली तं फडकी होतात," त्या म्हणाल्या, "झाडाखाली अंथराले उरते काय?" मी छाती फुगवून म्हणाले, "मावशी, साड्यांचं माझ्यावर सोडा. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये बायांच्या कपाटांची दारं लागत नाहीत."

लगेच आईला फोन लावला. संक्रांत जवळ आली होती. आईचं हळदकुंकू आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. गावठाणातल्या बाया तर येतातच, पण आमच्याच जुन्या शेतावर उभ्या राहिलेल्या सोसायटीतल्या नागपूर-लातूरकडच्या बायाही येतात. आईनं फर्मान काढलं, की या वर्षी येताना जुनी सुती साडी घेऊन या, जंगलातल्या बायांना पाठवायचीय. आता आमच्याकडच्या बायांना जुनी साडी द्या म्हणणं म्हणजे केवढा घोटाळा! "जुनेर द्यायचं व्हय कुनाला? लाज न्हाई वाटत?" असं म्हणत एकेकीनं ठेवणीतल्या साड्या काढल्या. कुणी न नेसलेली इरकल दिली, कुणी मुलीच्या साखरपुड्यात आलेली. फॉल-पिको नव्हतं त्यांना ते करायला माझी सुमनकाकू होतीच.

सुमनकाकू म्हणजे माझी धाकटी चुलती, शेजारच्याच दाराला राहणारी. काका गेल्यापासून तिनं घरात शिलाई मशीन टाकलंय आणि सगळ्या आळीचं फॉल-पिको तीच करते. तिच्या मशीनच्या आवाजावर आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. त्या साड्यांचे काठ तिनं रात्रंदिवस बसून शिवले. हळदकुंकवाच्या दिवशी मात्र नेहमीप्रमाणे तिनं आपलं दार ओढून घेतलं. आईनं नेहमीप्रमाणे तिच्याकडे तिळगुळाची ताटली पाठवली. यात कुणी कुणाला वाईट वागवतंय असं आमच्या घरात कुणालाच कधी वाटलं नाही. मलाही नाही.

साड्यांचं गाठोडं नागपूरच्या ट्रॅव्हल्सनं आलं आणि मी ते विजयी मुद्रेनं गावात नेऊन वाटलं. बाया हरखल्या. इरकलीवरून हात फिरवत शेवंताबाई कितीतरी वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, मारली बाजी. रेंजरसाहेबांना मी जरा ऐटीतच सांगितलं, की आता त्या बाजूची काळजी सोडा. ते म्हणाले, "बघू." त्यांच्या पोटात दुखत असावं.

मोह गळायला आठ-दहा दिवस असतील. भर दुपारी मी पाणवठ्यावर होते आणि त्या बाजूला धूर दिसला. वनमजूर पुढे पळाले, मी मागून. हिरव्या फांद्या तोडून आम्ही आगीला झोडपत होतो, डोळ्यांतून पाणी, घशात राख. नशीब असं, की वारा पडलेला होता आणि पुढे जाळरेषा होती. आग तिथवर आली, तिला काही मिळालं नाही, आणि बसली. चार-दोन झुडपं गेली, एवढंच. मी मागे वळून आग कुठून आली ते बघत गेले, आणि शेवंताबाईंच्या मोहाखाली येऊन थांबले. जमीन काळी, स्वच्छ, अजून ऊन. साडीचा पत्ता नाही.

मला भयंकर राग आला. एवढी धावाधाव करून साड्या आणल्या, आणि ही बाई खुशाल पानं पेटवते? तशीच राखेनं माखलेली मी त्यांच्या घरी गेले. त्या दारातच बसल्या होत्या. पदर जळलेला, हात भाजलेला. आग विझवायला त्याही आल्या होत्या, मला धुरात दिसल्या नव्हत्या. राग तिथंच अर्धा झाला. उरलेल्या अर्ध्यानं मी विचारलं, "मावशी, साडी कुठंय?"

त्या उठल्या, आत गेल्या आणि पत्र्याची पेटी उघडली. साडी आत होती. घडी न मोडलेली, खाली कडुलिंबाचा पाला घातलेला. त्यांनी पदराचं टोक उलगडून माझ्यापुढे धरलं. त्यावर हळदीचं आणि कुंकवाचं एकेक बोट उठलं होतं, आणि चार अक्षता चिकटलेल्या.

मी कपाळावर हात मारला. आईच ती! कुणाही बाईला साडी द्यायची तर कोरी कशी द्यायची? आमच्याकडं तसं देतच नाहीत. तिनं प्रत्येक साडीला हळदकुंकवाचं बोट लावलं होतं, घडीत चिमूटभर तांदूळ टाकले होते, अगदी लेकीची ओटी भरावी तसे. जमिनीवर अंथरायला पाठवलेल्या साड्या! करायला गेलो गणपती, झाला मारुती.

"मालक गेले तवापासून मले कोनी कुंकू लावलं नाई," शेवंताबाई म्हणाल्या. "लग्नात बी मी मांगं उभी राह्यतो. तुह्या मायनं पाठोलं. तिले मी दिसलो नाई, ठाव बी नाई, तरी पाठोलं. ते मी मातीत अंथरू? त्याच्यावर पाय देऊ?"

मला लाज वाटली, भीती वाटली आणि रडूही आलं. भीती अशी, की आईला हे कळलं तर ती काय म्हणेल. सवाष्ण समजून जे दिलं ते भलतीकडे गेलं, असं तर नाही ना वाटणार तिला? आणि डोळ्यांपुढे सारखं आमचं घर येत होतं. संक्रांतीचा दिवस, बायांची गर्दी, आणि शेजारचं ओढून घेतलेलं दार.

गावातल्या इतर घरांतही तेच निघालं. सगळ्या साड्या पेट्यांत. एकीनं तर देवापुढे ठेवली होती. "बहिनीनं देल्ली साडी कोनी जमिनीवर टाकते का?" असं मलाच उलट विचारत होत्या. आणि बाई, यात चुकलं कुणाचं सांगा! देणारीनं रीतीनं दिलं, घेणारीनं रीतीनं ठेवलं. आग मात्र रीतभात बघत नाही.

रेंजरसाहेबांपुढे मी उभी राहिले तेव्हा माझी ऐट कुठल्या कुठे गेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हळदकुंकवाचं ऐकून त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. पण म्हणाले, "मॅडम, मी शब्द दिला होता, तसा त्यांनीही घेतला होता." मी म्हणाले, "सर, अजून फूल गळायला लागलं नाही. तोवर थांबा. अंथरायला मी दुसरं काहीतरी आणते. त्यानंतर एक ठिणगी जरी उडाली तरी बंद करा, मी स्वतः गावात जाऊन सांगेन." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, "मोह गळायला लागेपर्यंत. पुढं नाही." त्या क्षणी मी त्यांच्या पाया पडायची तेवढी राहिले.

शब्द तर टाकला, पण आणायचं काय? विचार करकरून डोकं दुखायला लागलं म्हणून कॅम्पच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेले. कोपऱ्यात कांद्याची लाल जाळीची गोणी पडलेली. मी तिच्याकडे बघतच राहिले. माझे आप्पा चाकणच्या मार्केटात कांद्याच्या आडतीवर. जन्मभर त्यांच्या अंगाला कांद्याचा वास आणि आमच्या अंगणात रिकाम्या गोण्यांची चळत. त्या उसवून एकमेकींना जोडल्या तर केवढी मोठी जाळी! वारा आरपार जाणार, फूल कुजणार नाही, आणि कांद्याच्या गोणीची पूजा तर जगात कुणी करत नाही.

आईला फोन केला. आधी गोण्यांचं सांगितलं. मग साड्यांचं सगळं सांगितलं, शेवंताबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. पलीकडे शांतता. आईच्या फोनवर शांतता ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. कट झाला की काय म्हणून मी "हॅलो हॅलो" करायला लागले.

"हाय, हाय मी," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "बरं झालं मने, मला ठावं नव्हतं."

एवढंच. पुढे ती गोण्यांवर आली. किती पायजेत, कधी पायजेत. मागून सुमनकाकूच्या मशीनची टकटक ऐकू येत होती, नेहमीसारखी.

चाकणच्या मार्केटातून आप्पांनी गोण्या आणल्या, आळीतल्या बायांनी उसवल्या, काकूनं जोडल्या. गाठोडं पाठवताना आई नुसती तळमळत होती. "रिकामं कसं गं पाठवायचं? बाईमानसाला कोरं देऊ? लावू दे की एक बोट." मी फोनवर ओरडले, "आई, बोट लावलंस तर ती बाई मिरच्या तोडायला जाईल!" मग तिनं हात आवरला. पण तिला ते लागलं होतं. त्या जाळ्या कोऱ्या आल्या.

आल्या त्या अगदी वेळेवर. संध्याकाळी मोहाखाली लाल जाळ्या पसरल्या, चारी टोकांवर दगड ठेवले. पहाटे उजाडता उजाडता मी शेवंताबाईंबरोबर गेले. हवेत तो वास. मोहाचा वास गोड असतो, पण नुसता गोड नाही, जरा आंबूस, जरा घोंगडीसारखा, एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही. वरून एकेक फूल सुटून येत होतं. जाळीवर पडलं की आवाज होत नव्हता. शेवंताबाई मला गप्प बसवून तशाच उभ्या राहिल्या. मग अनवाणी पायांनी खुशाल जाळीवर चालत गेल्या आणि फुलं ओंजळीत घ्यायला लागल्या. पहिली ओंजळ झाडाच्या बुंध्याशी ठेवली. "ह्याचं ह्याले," म्हणाल्या.

साहेबांची अट होती, की वेचून झालं की जाळी घरी न्यायची, एक धागासुद्धा जंगलात राहता कामा नये. कुण्या हरणाची शिंगं अडकायला नकोत. बायांनी ती इतकी पाळली, की त्यांच्या घरांपुढे रोज लाल जाळ्या वाळत पडलेल्या दिसायच्या. त्या हंगामात त्या बाजूनं पुन्हा धूर आला नाही. साहेबांनी कौतुक वगैरे केलं नाही. फक्त जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षीही वेचू दे त्यांना." मला तेवढं पुरलं. परत निघाले त्या दिवशी फाट्यावर शेवंताबाई मला सोडायला आल्या, आईनं पाठवलेली इरकल नेसून. वाळलेल्या मोहाचं गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुह्या मायले."

आईनं त्या मोहाचे लाडू केले. कुणालाच आवडले नाहीत. तिनं एकटीनं संपवले.

हे सगळं आठवायचं कारण, परवा शेवंताबाईंचा फोन आला. गुडघा तसाच आहे, मोह चांगला लागलाय, पण जाळ्या पार विरल्या. मी आईला सांगायचा अवकाश, ती आप्पांच्या मागे लागली. आज कंपनीला सुट्टी होती. सकाळी मी उठले तेव्हा अंगणात गोण्यांचा ढीग पडलेला, आणि सुमनकाकूनं मशीनच आमच्या ओसरीवर आणून टाकलेलं. काकू शिवत होती, मी उसवत होते, आई घड्या घालत होती. पलीकडच्या सोसायटीत कुणीतरी पाला पेटवला होता, त्याचा वास येत होता. मी उठायला लागले तर आई म्हणाली, "बस गं. तुझा वॉचमन पळून न्हाई जात."

शेवटचं गाठोडं बांधून झालं. आईनं सुतळीची गाठ मारली आणि आत गेली. कुंकवाचा करंडा घेऊन आली तेव्हा मी म्हणाले, "आई, नको, पुन्हा पेटीत जाईल." ती म्हणाली, "जाळीला कुठं लावती मी? गाठीला लावती. गाठ ठेव म्हनावं पेटीत, आन् जाळी तुडव." आणि तिनं सुतळीच्या गाठीवर हळदीचं बोट ठेवलं, मग कुंकवाचं. मला हसू आलं. एवढी वर्षं तिच्या डोक्यात ते कोरं पाठवलेलं गाठोडं होतं तर.

करंडा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. बोट अजून लाल होतं. ती आत जाईल असं मला वाटलं. ती काकूकडे बघत होती. काकूची मान खाली, एका फाटक्या गोणीला ठिगळ लावत होती, मशीन टकटक चाललेलं. गेली किती वर्षं हे मशीन आमच्या भिंतीपलीकडे असंच वाजतंय, आणि दर संक्रांतीला त्या भिंतीअलीकडे आम्ही ताटली भरतोय. माझा हात उसवता उसवता थांबला.

"सुमन," आई म्हणाली, "मान वर कर."

काकूनं वर बघितलं. आईचा हात दिसला, बोट दिसलं. तिला कळलं. आईनं फक्त हात पुढे केला.

काकूनं मशीन थांबवलं नाही. नुसतं कपाळ थोडं पुढं केलं.